पाणथळ वाचवायची तर आधी गावनकाशा उघडा

ओढ्याकाठच्या चिखलट पडीक जागेवर राडारोड्याचा पहिला डंपर रिकामा झाला की दोन-चार दिवसांत माझा फोन वाजतो. "काका, तिथे शेकाट्या येतात, हळदीकुंकू बदकं येतात, काहीतरी करायला पाहिजे." मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. मुळशी आणि हवेली तालुक्यांतले बांध, शिवा आणि ओढे मोजण्यात नोकरी गेली, आता पाषाणच्या पुढे एका सोसायटीत राहतो. पक्ष्यांतलं मला फारसं कळत नाही. पण पक्ष्यांचे सुंदर फोटो घेऊन साहेबांच्या टेबलापर्यंत आलेली माणसं "बघतो" एवढंच ऐकून परत जाताना मी पाहिली आहेत. गट नंबर, नकाशाची नक्कल आणि चार शेतकऱ्यांच्या सह्या घेऊन आलेल्याला खुर्ची पुढे होते, हेही पाहिलंय. म्हणून इथे फोटोंबद्दल थोडं आणि कागदांबद्दल, सह्यांबद्दल बरंच सांगणार आहे.

पुणे महापालिकेची हद्द आणि तिच्याभोवतीची गावं एवढ्यापुरतंच बोलतो. रामनदी, देवनदी, आंबील ओढा, भैरोबा नाला यांच्या काठाने जी डबकी, तळी, दलदली उरल्यात, त्यांच्यासाठी.

पाणी कुठल्या कागदावर आहे?

सगळ्यात आधी जागेचा गट नंबर काढा. सातबारा ऑनलाइन बघायला मिळतो, महाभूनकाशावर गटाचा आकारही दिसतो. लोक सातबाऱ्यावर मालकाचं नाव वाचून थांबतात. त्याच पानावर क्षेत्राचा रकाना असतो, तो वाचा. तिथे 'पोटखराब' म्हणून क्षेत्र लिहिलेलं असतं आणि त्याचे दोन वर्ग पाडलेले असतात. वर्ग (अ) म्हणजे खडकाळ, नापीक, शेतातलं घर-खळं असली जमीन. वर्ग (ब) म्हणजे रस्ता, पायवाट, स्मशानभूमी, किंवा मालकाखेरीज इतर लोकही ज्याचं पाणी वापरतात असं तळं, असा ओढा. वर्ग (अ) मालकाने लागवडीखाली आणला तर त्याला शेतसाऱ्याची आकारणी लावून घेता येते. वर्ग (ब) ला ही सोय नाही. तुमच्या दलदलीखालचे गुंठे वर्ग (ब) मध्ये निघाले, तर 'हे पाणी सगळ्यांच्या वापराचं होतं' ही गोष्ट सरकारनेच पूर्वी लिहून ठेवली आहे. तुम्ही फक्त ती वाचून दाखवायची.

मग गावनकाशा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात त्याची नक्कल मिळते, फी किरकोळ असते. मोठा ओढा गटांच्या मधून वाहताना दाखवलेला असतो आणि त्याला स्वतःचा नंबर नसतो. लहान ओहोळ गटाच्या पोटात असतो. नंबर नाही म्हणजे जागा बेवारस असा अर्थ काही हुशार मंडळी काढतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम २० वाचायला सांगा त्यांना: नद्या, नाले, तळी ही, दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध झाला नसेल तर, सरकारच्या मालकीची.

वाद रुंदीचा असेल तर जुनी टिपणं, म्हणजे पूर्वीच्या मोजणीत गटागटाची मापं लिहून ठेवलेले कागद, मागा. त्यांत मापं साखळी-आण्यांत असतात: ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. त्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. दोन्ही काठांच्या गटांची टिपणं शेजारी ठेवली की मधल्या ओढ्याची रुंदी निघते. एक साखळी चार आणे, म्हणजे सव्वाएक्केचाळीस फूट रुंदी निघाली, आणि आज जागेवर जाऊन पाहिलं तर रस्त्याखाली सिमेंटचा तीन फुटी पाइप टाकलेला! हा एवढा फरक एका कागदावर काढला की लांबलचक निवेदनाची गरज उरत नाही. आकृती पेन्सिलने काढली तरी चालते, माप खरं पाहिजे.

तिसरा कागद विकास आराखड्याचा, म्हणजे शहरात कुठे काय करता येईल ते ठरवणाऱ्या नकाशाचा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ चा, आणि त्यानंतरचा २०१७ मध्ये मंजूर झालेला. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३ आली, २०२४ मध्ये उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर पडली. त्या गावांवर त्याआधी १९९७ ची प्रादेशिक योजना लागू होती, २०१५ नंतर पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) कारभार होता. म्हणजे एकच गट दोन-तीन नकाशांवर वेगवेगळ्या रंगात सापडू शकतो. सगळे भाग नकाशे गोळा करा, जागा कोणत्या विभागात येते ते सांगणारा झोन दाखला काढा. एका नकाशावर ओढा आहे आणि पुढच्यावर गायब झालाय, असं दिसलं तर दोन्ही नकाशे एकाच पानावर छापून घ्या.

चौथा कागद पूररेषेचा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी घालून परवानगी. रेषा आखायचं काम जलसंपदा विभागाचं. मुळा-मुठेवर रेषा आहेत, पण ओढ्यांवर त्या सगळीकडे आखलेल्या नसतात, आणि रेषा नाही म्हणजे पूर नाही असं समजून परवानग्या निघतात. आपल्या ओढ्यावर रेषा नसेल तर तुमची पहिली सामूहिक मागणी तीच: सर्वेक्षण करून पूररेषा आखा. या मागणीवर शेतकरी, सोसायटी, दुकानदार सगळे सही करतात, कारण तिच्यात अजून कुणाचं काही जात नाही.

नुसतं 'पाणथळ' म्हणून भागत नाही

पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम २०१७ मध्ये आले. लोक ते छापून घेऊन जातात आणि पहिल्याच प्रश्नाला गडबडतात. नियमांत हंगामी पाणीही धरलंय, कृत्रिम पाणीही धरलंय, हे आपल्या बाजूचं. पण नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय, सिंचनासाठी आणि करमणुकीसाठी बांधलेली तळी ही सगळी वगळली आहेत. पुण्याच्या आसपासची तळी म्हणजे निम्मी-अधिक कुणीतरी कधीतरी बांधलेली. कात्रजचा तलाव पेशव्यांनी शहराला पाणी द्यायला बांधला. त्यामुळे समोरचा वकील पहिलं वाक्य हेच टाकणार, की साहेब, ही पाणथळ नाहीच, हा तर बंधारा आहे.

याला उत्तर असं, की एकाच कायद्यावर सगळा भार टाकायचा नाही. तुमची जागा नियमांत बसत असेल तर नियम ४ फार कामाचा आहे: अतिक्रमण, भराव, राडारोडा आणि घनकचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं याला बंदी, आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्चतम पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नाही. इस्रोने उपग्रहावरून देशातल्या सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या पाणथळी नकाशावर आणल्या, २,०१,५०३ निघाल्या. त्यांना संरक्षण द्यायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्यांना जागेवर जाऊन हद्दी निश्चित करायला सांगितलं. आपली जागा त्या यादीत आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. यादीत नसेल, किंवा ओढ्याचं पात्रच असेल, तर पूररेषा, कलम २०, पोटखराबा आणि विकास नियमावली (बांधकामाचे नियम) हे चार आधार आहेतच. मी तर म्हणेन, शहराच्या आत हे चारच जास्त चालतात.

माणसं जमवताना

पहिली बैठक सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये घेऊ नका. देवळाच्या मंडपात घ्या, आणि वेळ शेतकऱ्यांना विचारून ठरवा. रविवारी सकाळी अकरा ही नोकरदारांची सोय आहे; म्हशीवाल्यांचं त्या वेळी दूध घालून येऊन गोठ्याचं काम चाललेलं असतं.

आमच्याकडच्या जागेचं नाव देत नाही, प्रकरण चालू आहे. तिथल्या पहिल्या बैठकीला ओढ्याला लागून जमीन असलेले एक अण्णा आले होते. त्यांची वीसेक गुंठे जमीन पावसाळाभर पाण्याखाली असते. आमच्या सोसायटीतली एक मुलगी फार तळमळीने पाणथळीचे फायदे सांगत होती. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "ताई, तुमच्या बिल्डिंगीचं संडासाचं पाणी माझ्या बांधावरनं ओढ्यात जातंय. माझ्या आजाने त्या ओढ्याचं पाणी प्यायलंय. आता ओढा कसा जपायचा ते तुम्ही मला सांगणार व्हय?"

मंडपात कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सोसायटीच्या एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेच्या, खोलीत गेलो. वीजबिल वाचवायला मोटरी रात्रीच्या बंद ठेवल्या जात होत्या. त्या चालू करायला सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत बरंच भांडण झालं, देखभाल खर्च वाढला, दोन सदस्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. पण बाहेर पडणारं पाणी स्वच्छ दिसायला लागल्यावर अण्णा पुढच्या बैठकीला आपणहून आले आणि येताना आणखी दोन खातेदार घेऊन आले. सोसायटीवाल्यांनी दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपलं सांडपाणी तपासावं, हे मी आता प्रत्येक गटाला सांगतो. ओढ्यात जलपर्णी माजली असेल तर वरच्या बाजूला कुणाचं तरी मैलापाणी येतंय हे धरून चाला. तिच्याकडे बघून 'काय हिरवंगार आहे' म्हणणारेही भेटतात, त्यांना नाकाने वास घ्यायला सांगा.

जमीनमालकाची भीती खोटी नसते. 'आरक्षण' हा शब्द ऐकला की त्याला वाटतं जमीन गेली. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या (२०२१ च्या नव्हे) २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं ९७६ हेक्टरचं आरक्षण पडलं, त्याच्या मोबदल्याचा वाद किती वर्षं चालला हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. आठ टक्के टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क) म्हणजे काय हातात पडतं याचा हिशोब तो तुम्हाला बोटांवर करून दाखवेल. म्हणून सुरुवात आरक्षणापासून करू नका. त्याला विचारा, कोणता भाग कधी कोरडा होतो, कुठे पीक निघतं, कुठे बापजाद्यांपासून काहीच निघालं नाही. ज्या गुंठ्यांवर कायद्याने बांधता येणारच नाही ते कुठले, आणि उरलेल्या जमिनीचं त्याला काय करता येईल, हे दोन वेगवेगळे कागद त्याच्यासमोर ठेवा. नकाशा वाचता येणारा एक आर्किटेक्ट गटात असला तर फार सोपं जातं. शेतकऱ्याला पहिल्यांदाच कुणीतरी घाबरवायला किंवा विकत घ्यायला न येता बसून समजावतंय, असा अनुभव येतो.

खालच्या अंगाच्या लोकांना विसरू नका. ओढा जिथे नदीला मिळतो तिथल्या वस्त्यांना वरच्या भरावाशी काय घेणं, असं वाटतं. आंबील ओढ्याकाठच्या कुणालाही २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र विचारा. सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत २५ जुलै २०२४ विचारा. एकीकडे ओढा, दुसरीकडे धरणातून सोडलेलं नदीचं पाणी. कारणं वेगळी, पण पसरायला जागा उरली नाही की पाणी घरात शिरतं हे तिथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. अशा वस्तीतल्या एका मावशीने सुनावणीत सांगितलेलं दोन मिनिटांचं बोलणं आमच्या सगळ्या आलेखांना भारी पडेल.

मासे धरणारे भोई, मेंढरं घेऊन येणारे धनगर यांची नावं सातबाऱ्यावर नसतात, पण पाणी कधी कुठे असतं हे त्यांना सगळ्यांत नेमकं माहीत असतं. त्यांचे जबाब तारखेसह लिहून घ्या, वाचून दाखवा, मगच सही किंवा अंगठा.

पुरावा

ओढ्यावरच्या मोरीच्या भिंतीवर ऑइल पेंटने दर फुटाला एक आडवी रेघ मारा, आकडे घाला. भिंत नसेल तर काठच्या करंजाच्या खोडावर. मग जून ते ऑक्टोबर, जोराचा पाऊस झाला की त्याच जागी उभं राहून त्याच कोनातून फोटो. तारीख आणि अक्षांश-रेखांश फोटोवर छापणारी ॲप फुकट मिळतात. मे महिन्याचा कोरडा फोटोही तितकाच जरुरीचा आहे, कारण बिल्डरच्या फाइलमध्ये मेमधलाच फोटो असतो; तुमच्याकडे दोन्ही असले की हंगामी पाणी सिद्ध होतं. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात, भराव कोणत्या वर्षी सुरू झाला ते त्यावरून कळतं.

पक्ष्यांच्या नोंदी पक्षीनिरीक्षकांवर सोपवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यांना तिथून हलवणं अवघड. महिनावार यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायला सांगा: थापट्या, चक्रवाक, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, जे दिसेल ते. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याखाली महापालिकेत आणि ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. आपल्या जागेची नोंद त्या वहीत झाली पाहिजे. ते काम सावकाश होतं, पण एकदा झालं की पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडता येतं.

एक विनंती: पुरावा गोळा करताना कुणाला वृक्षारोपणाचा उत्साह येऊ देऊ नका. दलदलीत खड्डे घेऊन गुलमोहर लावणारी मंडळी मी पाहिली आहेत. लव्हाळा, नागरमोथा, पाणकणीस हीच तिथली झाडी. ती राहू द्या.

अर्ज कुणाला, कसा

तक्रारी वेगवेगळ्या करा. राडारोडा टाकला तर क्षेत्रीय कार्यालय. मुरूम-माती उपसली किंवा बाहेरून आणून टाकली तर तलाठी भाऊसाहेब आणि तहसीलदार, कारण ते गौण खनिज आहे, त्याची रॉयल्टीची पावती असावी लागते. सांडपाणी सोडलं तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. नाला वळवला, बुजवला तर महापालिकेचं बांधकाम आणि मलनिःसारण खातं. सगळं एका पत्रात लिहून दहा जणांना पाठवलं की प्रत्येक जण ते दुसऱ्याचं समजतो. आवक खिडकीवर पोच घ्या, शिक्का आणि नंबर वाचता येतोय का ते तिथेच पाहा.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, पण महाराष्ट्रात तो एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. मत विचारू नका, 'परवानगी का दिली' असं तर मुळीच नाही. प्रती मागा. मी असा लिहितो:

"मौजे ____, गट क्र. ____ येथे दिलेल्या बांधकाम परवानगीचा मंजूर नकाशा, त्यासाठी घेतलेला जलसंपदा विभागाचा पूररेषेबाबतचा अभिप्राय, आणि सदर गटातील नाल्याबाबत झालेला पत्रव्यवहार, यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात."

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. पण त्याआधी महापालिकेत जाऊन फाइल प्रत्यक्ष बघायला मागा. सोमवारी दुपारी ३ ते ५ फाइल दाखवायची पद्धत पुण्यातच आधी सुरू झाली आणि २०१८ मध्ये राज्याने ती इतर कार्यालयांनाही लावली; आता ती वेळ चालू आहे का, ते आधी विचारून घ्या. फाइल बघताना टिपणीची पानं वाचा. कनिष्ठ अभियंत्याने पेन्सिलने लिहिलेलं "नाला दिसून येतो, अभिप्राय घ्यावा" असं एखादं वाक्य सापडतं, आणि पुढे तो अभिप्राय घेतलेलाच नसतो.

आराखड्यावर हरकत

प्रारूप (मसुदा) आराखडा प्रसिद्ध झाला की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली हरकती-सूचनांना तीस दिवस मिळतात. मंजूर आराखड्यात नंतर फेरबदल करायचा असेल तर कलम ३७ खाली एक महिन्याची नोटीस निघते. ही दुसरी नोटीस धोक्याची, कारण ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते: 'मौजे अमुक येथील गट क्र. तमुक हरित पट्ट्यातून वगळून रहिवास विभागात.' गटातल्या एका निवृत्त माणसाला रोज जाहीर नोटिसा वाचायचं काम द्या. आमच्याकडे ते माझ्याकडे आहे, चहाबरोबर होऊन जातं.

पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती आल्या होत्या. त्या गर्दीत छापील मजकुराच्या पाचशे हरकती म्हणजे सुनावणी करणाऱ्यांच्या दृष्टीने एकच हरकत. पन्नासच द्या, पण वेगवेगळ्या. म्हशीवाल्याची त्याच्या शब्दांत, शाळेच्या मुख्याध्यापकांची त्यांच्या शब्दांत. प्रत्येकीत तीन गोष्टी हव्यातच: नकाशा क्रमांक व गट क्रमांक, नेमका कोणता बदल हवा, आणि त्याला आधार काय. 'विकास थांबवा' हा बदल होत नाही. 'गट अमुकच्या पूर्व हद्दीवरील नाला गावनकाशाप्रमाणे दर्शवावा व त्यालगतचा पट्टा हरित विभागात ठेवावा' हा बदल होतो.

सुनावणी कलम २८ खाली नियोजन समितीपुढे होते. महापालिकेत तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि राज्याने नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ असतात. बोलायला काही मिनिटंच मिळतात. ए-थ्री कागदावर डावीकडे गावनकाशा, उजवीकडे प्रारूप आराखडा, ओढा निळ्या स्केचपेनने रंगवलेला, एवढं समोर ठेवा आणि आधी शेतकऱ्याला बोलू द्या.

गाव अजून ग्रामपंचायतीत असेल तर ग्रामसभेचा ठराव करून घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या. विषय अजेंड्यावर आधी द्यावा लागतो, आयत्या वेळी मांडला तर गोंधळात वाहून जातो.

बिल्डरशी बोलायचं का?

बोलायचं, आणि नकाशा मंजूर होण्याआधी बोलायचं. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा जास्त क्षेत्राच्या रेखांकनात (लेआउटमध्ये) किमान दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. आर्किटेक्ट ती बहुतेक वेळा कुठल्यातरी वाकड्या कोपऱ्यात ढकलतो. ती ओढ्याच्या बाजूला, सलग ठेवा, एवढी मागणी करा. बिल्डरचा एक फूटही जात नाही आणि पाण्याला पसरायला पट्टा मिळतो. लेखी घ्या, नकाशावर घ्या; तोंडी 'हो काका, करू' याला काही अर्थ नाही.

बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. तिचा अर्ज परिवेश या संकेतस्थळावर बघता येतो. जवळच्या जलस्रोताचं अंतर तिथे काय लिहिलंय ते पाहा. तुमच्या मोरीवरच्या रेघांचे फोटो आणि ते अंतर जुळत नसेल, तर मंजुरी तपासणाऱ्या समितीला पत्र पाठवायची वेळ मंजुरीच्या आधीची आहे.

महापालिकेकडून कुणी 'तळ्याचं सुशोभीकरण' मंजूर करून आणलं तर हारतुरे देण्याआधी अंदाजपत्रक मागवा. काठाला सिमेंटची भिंत, वरून फरशी, दिव्यांचे खांब, मध्ये कारंजं. बिल्डरने बुजवलेलं पुन्हा उकरता येतं, सुशोभीकरण झालेलं नाही. काठ मातीचा, उतरता राहू द्या, चालायला कच्ची वाट पुरते, ही सूचना क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या.

हरित न्यायाधिकरण

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, त्यामुळे लोकांना तिथे जायची फार घाई असते. अर्जाची फी हजार रुपये, मुदत प्रकार पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, सबळ कारण असेल तर वर साठ दिवस. ही मुदत ध्यानात ठेवा, म्हणून भरावाच्या पहिल्या डंपरची तारीख लिहून ठेवायची. पण कोर्टाचं नाव काढलं की शेतकरी मागे सरतात, त्यांना वाटतं आता आपणही प्रतिवादी होणार. जायचंच तर आधी मंडपात बैठक घ्या, कुणाविरुद्ध अर्ज आहे आणि कुणाविरुद्ध नाही हे नावानिशी सांगा, अर्जदारांत किमान एक खातेदार असू द्या.

निकाल आपल्या बाजूने लागला किंवा नोटीस निघाली, तरी तिची प्रत आपोआप खाली पोचत नाही. क्षेत्रीय कार्यालयातला अभियंता, तहसीलदार, तलाठी, पोलिस चौकी, प्रत्येकाला एक-एक प्रत हाताने नेऊन द्या आणि पोच घ्या. भराव काढायला जेसीबी येईल त्या दिवशी मूळ पातळी कुठे होती हे दाखवायला अण्णांसारखा माणूस जागेवर लागतो, नाहीतर वरचा थर खरवडून 'अतिक्रमण काढले' असा पंचनामा होतो. पंचनाम्यावर सही करण्याआधी किती ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती काढली आणि ती कुठे नेली, हे दोन आकडे त्यात लिहायला लावा. सगळ्या कागदांचे दोन संच ठेवा, एक गावात, एक सोसायटीत. भाड्याने राहणाऱ्याच्या घरी मूळ प्रत ठेवू नका, अकरा महिन्यांनी माणूस आणि फाइल दोन्ही हिंजवडीला जातात.